जानकीबाईंच्या हाडापर्यंत

महाडला लोक रायगड बघायला जातात. मी एका बाईच्या मांडीचं हाड बघायला गेले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी टायटॅनियमच्या बटणाएवढ्या चकत्यांवर हाडाच्या पेशी वाढवण्याचं काम करत होते. खुबा मोडला की डॉक्टर मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात आणि त्याच्या डोक्यावर नवा गोळा चढवतात. हा दांडा आत घट्ट राहील की काही वर्षांनी हलायला लागेल, हे बरंचसं त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं. आमच्याकडच्या काही चकत्या आरशासारख्या घासलेल्या होत्या. काहींवर बारीक कणांचा मारा करून, मग आम्लात बुडवून, त्या मुद्दाम खरबरीत केलेल्या. नुसत्या डोळ्यांना ती खरबर दिसत नसे, फक्त चमक गेलेली कळे. पेशींना मात्र ती बरोबर कळायची. गुळगुळीत चकतीवर त्या पातळ पसरायच्या, भराभर वाढायच्या आणि जोरात धुतलं की पुष्कळशा निघून जायच्या. खरबरीत चकतीवर वाढ सावकाश. पण तिथली प्रत्येक पेशी बोटांसारखे धागे बाहेर काढून खळग्याखळग्यांत रोवायची, अंग आवळून बसायची, आणि काही आठवड्यांनी स्वतःभोवती हाड रचायला घ्यायची. तिला डोळे नाहीत, मेंदू नाही, कुणी शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं बघूनही ते बघताना माझ्या हातातलं काम थांबायचं.

पण त्या धातूवर चालणारं माणूस मी एकही पाहिलं नव्हतं.

डॉ. कानडे हे हाडांचे सर्जन. आम्ही तपासत होतो तसलाच खरबरीत दांडा ते पेशंटना बसवत. एका सकाळी ते प्रयोगशाळेत आले आणि स्टूल ओढून बसले.

"पोलादपूरच्या वर एका वाडीत माझी एक पेशंट आहे. जानकीबाई. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडावर चढून फांद्या तोडत होती, तिथून पडली. दांडा बसवून वर्ष उलटून गेलं. मुंबईहून तिच्या मुलाचा फोन आला, आईची मांडी दुखते, आणि ती दवाखान्यात यायला तयार नाही."

"ढिला झाला असेल?" मी विचारलं.

"असू शकेल. ढिला झाला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि जितका उशीर तितकं हाड खराब होणार. मी शनिवारी जातोय. तुम्ही येता? रोज पेशी बघता, एकदा बाई बघा."

मी हो म्हटलं. जानकीबाईंचा दांडा ढिला निघाला, तर मी काचेखाली जे बघत होते ते काचेखालचंच राहणार होतं.

वरंध्याच्या खाली

मी सोलापूरची. आमच्याकडे जमीन सपाट आणि आभाळ मोठं. वरंधा घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा जमीन एकदम पायाखालून निघूनच गेली होती. समोर नुसत्या दऱ्या, एकीमागे एक, निळ्या होत जाणाऱ्या. टपरीवाल्यानं कांद्याची भजी हातात ठेवली, ती मी खायची विसरले. डॉक्टरांनी माझीही संपवली.

मार्गशीर्ष होता. खाली भातं कापून झाली होती. रिकाम्या खाचरांतून वाल उगवून आला होता, अंगणाअंगणांतून पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. महाड जवळ आलं तसा हवेला औषधासारखा वास यायला लागला. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली होती, मोटारसायकलींची रांग आमच्या शेजारून गेली.

महाडला आमची वाट बघत होते इस्माईलभाई. पन्नाशी ओलांडलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज मोठा. बरीच वर्षं आखातात ट्रक चालवून परत आले होते आणि आता वसाहतीतल्या कारखान्यांचा माल वाहून नेण्याचा त्यांचा धंदा होता. डॉक्टरांनी पूर्वी महाडात शिबिर घेतलं तेव्हा जागा आणि मांडव यांनीच मिळवून दिला, तेव्हापासूनची ओळख. वाडीपर्यंत जाईल अशी जीप त्यांच्याकडे होती.

"आज कुटं जाता डोंगरात? काळोख पडंल. आज माझ्याकडे तुडीलला चला. सकाळी मी सोडतो," ते म्हणाले, आणि आमच्या पिशव्या जीपमध्ये गेल्यासुद्धा.

तुडील सावित्रीच्या काठावर आहे. घराच्या मागच्या ओट्यावरून नदी दिसते. पाणी इतकं शांत की मी पाय बुडवायला उतरणार, तोच इस्माईलभाई शेजारच्याला हाक मारावी तसं सहज म्हणाले, "मॅडम, थोडं मागंच ऱ्हा. मगर हाय." मी आयुष्यात इतक्या चपळाईनं कधी मागे सरले नसेन.

जेवायला त्यांच्या घरातून तांदळाच्या भाकऱ्या आल्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीला खरपूसपणा असतो, ती मोडते. ही मऊ, पांढरीशुभ्र, दुमडली तरी तुटत नव्हती. सोबत नारळाच्या दुधातली कोंबडी. इस्माईलभाई आग्रह करायला सारखे उठत होते, आणि दर वेळी उठताना हात टेकून क्षणभर तसेच उभे राहत होते. पहिली दोन-चार पावलं जड पडत, मग चाल सरळ होई. मी ते बघितलं, पण माझ्या काही लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी भाकरीचा घास तसाच हातात ठेवला.

"इस्माईलभाई, खुब्याचं ऑपरेशन झालंय का तुमचं?"

"झालंय ना. तिकडं असताना. गाडीवरून पडलो होतो. लई वर्षं झाली. आता काय, मस्त चाललंय." ते हसले. "घ्या, रस्सा घ्या."

वाडीवर

पोलादपूरच्या पुढे जीपनं रस्ता सोडला आणि मग रस्त्यानं जीपला सोडलं. शेवटचा चढ पायी होता. वाळलेल्या गवताचा उतार इतका निसरडा असतो हे मला सोलापुरात कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर माझे पाय निसटले आणि मी बसल्या बसल्या बरीच खाली गेले. कोपर सोलवटलं. वर बघते तर डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली एक बाई काठी टेकत उभी होती.

"लागला काय गो बाय?" तिनं विचारलं.

मागून डॉक्टरांचा आवाज आला, "जानकीबाई! भारा उतरवा आधी!"

अशी आमची भेट झाली. बाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या, काटक, नऊवारी खोचलेली. त्यांनी भारा टाकला, माझा हात धरून मला वर ओढलं आणि आमच्यापुढे चालायला लागल्या. मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते. त्या मांडीच्या आत, हाडाच्या पोकळीत, माझ्या चकत्यांसारखाच धातू होता, आणि त्याच्यावर एक बाई आपला डोंगर चढत होती. चालताना मी दोनदा ठेचाळले.

घरात शेणानं सारवलेली थंडगार जमीन. जानकीबाईंच्या जाऊबाईंनी गुळाचा कोरा चहा दिला. इस्माईलभाई सगळ्यांच्या मागून सावकाश पोचले, दारातच उंबऱ्याजवळ टेकले आणि चहा घ्यायला हात टेकून वाकडे होत उठले. डॉक्टरांनी पाय वाकवून, फिरवून बघितला.

"इथं दुखतं?"

"तितं नाय. खाली. हितं." त्यांनी मांडीच्या मध्यावर हात ठेवला. "उतार उतरताना. बसून उटताना नाय काय व्हत."

"महाडला चला. एक फोटो काढू. तासाभराचं काम."

"फोटो काडाल, मंग म्हनाल ढिला झालाय, मंग पुन्यास न्याल, मंग फाडाल. पलीकडच्या गावातल्या एकाचा असाच झाला. मी नाय येत."

"अहो, दुखत असताना..."

"दुकू दे. चालतंय ना? मी पुन्ना फाडून घेनार नाय, डाक्टर. एकदा घेतला, बास झाला."

त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या, आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "दवाकान्यातनं आल्यावं कितीक दिस झोपंत वराडत व्हती." जानकीबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, तशा जाऊबाई चहाची भांडी गोळा करायला लागल्या.

डॉक्टर हताश होऊन माझ्याकडे बघायला लागले. मला माणसांशी बोलायची सवय नव्हती. माझ्या पिशवीत एक फोटो होता, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला. मी तो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो काय? डोंगर?"

"तुमच्या दांड्यासारखाच धातू आहे, पुष्कळ पटींनी मोठा दिसतोय. आणि ही बघा, ही हाडाची पेशी. हाड अशा पेशींचं काम असतं. हिनं धातूला कसं धरलंय बघा."

त्यांनी फोटो दाराच्या उजेडात नेला. बराच वेळ बघितला. बोटानं त्या पेशीचे पाय एकेक करून चाचपले.

"बसलीय कशी, घोरपडीवानी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माजी हाय?"

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी खरं तेच सांगितलं. ऑपरेशनमध्ये जो मोडका गोळा काढून टाकतात, त्याच्यातलं थोडं हाड आमच्याकडे येतं. पेशंटना विचारून घेतात. पण आमच्यापर्यंत नाव येत नाही.

"मला इचारला व्हता," जानकीबाई म्हणाल्या. "मी म्हटला, न्या, मला काय करायचा तो तुटका. म्हंजे माजी असल पन."

"असेलही."

"जित्ती हाय?"

"फोटो काढताना ती जिवंत राहत नाही. पण तिच्या बरोबरच्या कितीतरी राहिल्या. खूप दिवस."

त्या खाली बसल्या. फोटो दोन्ही हातांत धरलेला. "मी हितं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "नि माज्या त्या पुन्याला." परड्यात एक कोंबडी ओरडत होती.

मग त्यांनी फोटो मला परत दिला.

"ह्यो भायेरचा झाला, बाय. माज्या आतला कसा हाय, त्यो दाव."

"त्यासाठी महाडला यावं लागेल."

"मंग येतंय." त्या उठल्या, पदर खोचला आणि उंबऱ्याकडे हात केला. "पन ह्या भायचा बी फोटो काडा. माजाच कशाला? ह्यो बी उटताना वाकडा व्हतोय."

"मला काय धाड भरलीय, वैनी?" इस्माईलभाई म्हणाले.

"तोच तर इचारायचा हाय," डॉक्टरांनी त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं, आणि उतरायला लागलेसुद्धा.

काळी रेघ

महाडच्या बाजारपेठेत एक्स-रेचं एक दुकानवजा केंद्र होतं. आम्ही पोचलो आणि वीज गेली. बाकड्यावर बसून आम्ही वाट बघितली. जानकीबाईंनी फडक्यातली नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ काढून चौघांत वाटली. मार्गशीर्षातले गुरुवार धरल्यामुळे महिनाभर मासळी बंद नसती तर सुकट आणली असती, असं त्या परत परत सांगत होत्या, जणू उपाशी ठेवत होत्या आम्हाला. वाल कडवट, मागून गोड. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

वीज आली. आधी जानकीबाई आत गेल्या, मग कुरकुरत इस्माईलभाई. थोड्या वेळानं केंद्रवाल्यानं ओल्या फिल्मा चिमट्यांना लावून बाहेर आणल्या. पाणी ठिबकत होतं. डॉक्टरांनी पहिली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पिशवीतून ऑपरेशननंतरची जुनी फिल्म काढून शेजारी धरली. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"या इकडे," ते शेवटी म्हणाले. "बघा तुमचं तुम्हीच."

दांड्याचा वरचा भाग खरबरीत, खालचं टोक गुळगुळीत. जुन्या फिल्मवर वरच्या भागाभोवती कुठे कुठे फट दिसत होती. नव्या फिल्मवर ती फट नव्हती. हाडाची पांढरी बारीक जाळी आतल्या भिंतीवरून निघून थेट धातूला जाऊन भिडली होती. खरबरीत भाग जिथे संपतो, अगदी तिथेच हाड घट्ट, दाट, पांढरंफेक झालं होतं. काचेच्या थाळीत, ठरावीक तापमानाला, मोजून मापून दिलेल्या रसात जे होताना मी बघायची, ते या बाईच्या आत झालं होतं. लाकडं वाहताना, भात लावताना, झोपेत ओरडताना. कुणी बघत नसताना. माझे डोळे भरून आले आणि मला फिल्म दिसेनाशी झाली.

"दांडा पक्का आहे," डॉक्टर जानकीबाईंना म्हणाले. "दुखतंय ते खालच्या टोकापाशी. तिथे हाड धरत नाही, नुसतं टोक टेकतं. काही जणांना असं दुखतं, बहुतेक हळूहळू कमी होतं. पुन्हा उघडायचं काही कारण नाही."

जानकीबाईंना डॉक्टरांचं ऐकून भागणार नव्हतं. त्यांनी मला पुढे ओढलं. "कुटं धरलान, दाव."

मी दाखवलं. इथे. इथे. आणि हे इथे.

"हाडानं धरलान?"

"हो, धरलं."

"मला न इचारताच?" त्या म्हणाल्या, आणि असं खळखळून हसल्या की बाहेरच्या बाकड्यावरची माणसं वाकून आत बघायला लागली.

दुसरी फिल्म बघताना मात्र डॉक्टर हसले नाहीत. इस्माईलभाईंचा दांडा जुन्या घडणीचा, वरपासून खालपर्यंत गुळगुळीत. त्याच्याभोवती काळी रेघ होती, पेन्सिलीनं आखल्यासारखी, वरपासून खालपर्यंत. दांडा थोडा खाली घसरला होता. त्याचं टोक एका बाजूनं हाडाच्या भिंतीला टेकलं होतं आणि तिथली भिंत पातळ झाली होती. ती काळी रेघ म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. हाड धातूच्या अगदी जवळ येऊन थांबलं होतं. मध्ये मऊ पडदा तयार झाला होता, आणि त्या पडद्यात तो दांडा प्रत्येक पावलाला हलत होता.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. इस्माईलभाई ऐकत राहिले. तो मोठा आवाज कुठे गेला कळेना.

"नमाज खुर्चीवर बसून पढतो हल्ली," ते खाली बघत म्हणाले. "घरी सांगितलंय गुडघा धरलाय म्हणून. गाडीत बसलो की दुखत नाय. मंग दिवसभर गाडीतच बसतो."

"बदलावा लागेल. आणि लवकर. भिंत फुटली तर फार अवघड होईल."

"बघू," ते म्हणाले. त्यांनी चावी उचलली. "वैनींना सोडून येऊ आधी."

जीप पोलादपूरकडे निघाली. उजव्या हाताला सावित्रीच्या पात्रात ऊन उतरत होतं. इतकं सुंदर दृश्य मी इतक्या जड मनानं कधी बघितलं नव्हतं. एका शरीरानं जे आपलंसं केलं, ते दुसऱ्यानं इतकी वर्षं परकंच ठेवलं. फरक होता तो डोळ्यांना न दिसणाऱ्या खळग्यांचा.

वाडीच्या पायथ्याशी जानकीबाई उतरल्या. चार पावलं गेल्या आणि माघारी आल्या. इस्माईलभाईंच्या बाजूच्या खिडकीत हात ठेवून उभ्या राहिल्या.

"करून घे, भाय."

"भीती वाटते, वैनी."

"वाटतेच. मला नाय वाटली? कदी जानार ते सांगून धाड. मी येन संगती. तुज्या बायकूला काय ठावं हाय तितला? मला सगला ठावं हाय. संडास कुटं हाय ते पन." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "नि हिला सांग, खरखरीत बगून दे म्हनून."

इस्माईलभाईंनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसत होते की काय, मला दिसलं नाही.

पुणे

ईद झाल्यावर इस्माईलभाई पुण्याला आले. बरोबर त्यांची बायको, आणि खरोखरच जानकीबाई. जी बाई दवाखान्याच्या आठवणीनं झोपेत ओरडायची, ती दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या घाबरलेल्या बायकोचा हात धरून बसली. ऑपरेशन नीट झालं. इस्माईलभाई आता जमिनीवर बसत नाहीत, डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण ऑपरेशननंतरची काठी सुटली आहे आणि जीप पुन्हा त्यांच्या हाताखाली आहे.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी मी तिथे गेले होते. डॉक्टर बाहेर आले तेव्हा घामानं भिजलेले होते. म्हणाले, जुना दांडा काढायला जोर लागलाच नाही, हातात आला. थोड्या वेळानं धुऊन, उकळून तो त्यांनी आम्हाला बघायला दिला.

मी तो उजेडात फिरवून बघितला. इतकी वर्षं एका माणसाच्या आत राहून, त्याच्या वजनाखाली, त्याच्या रक्तामांसात राहून तो तसाच लखलखीत होता. हाडाचा एक कणही चिकटलेला नव्हता. माझा चेहरा त्यात स्पष्ट दिसत होता.

जानकीबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. पदरानं पुसला, गालाशी धरून बघितला, बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग मान हलवली.

"एकटाच ऱ्हायला गो ह्यो," त्या म्हणाल्या. "एवडी वर्सं मानसात असून."